मुलं अप्रिसिएशनमध्ये, म्हणजे कवितेच्या रसग्रहणात, नुसता कवितेचा अर्थ लिहून मोकळी होतात, त्यावर काय करायचं?

आधी लक्षणं बघू. बारावीच्या वह्यांच्या गठ्ठ्यातून कुठलीही वही ओढा आणि सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन वीव्हर्स'चं अप्रिसिएशन उघडा, साधारण हेच दिसेल: 'द पोएट सेज दॅट द वीव्हर्स आर वीव्हिंग क्लोद्स. इन द मॉर्निंग दे वीव्ह क्लोद्स फॉर अ बेबी. द राइम स्कीम इज ए ए बी बी. द पोएट हॅज यूज्ड सिमिली. द पोएम इज व्हेरी ब्यूटिफुल अँड गिव्ह्ज अस अ ग्रेट मेसेज.' यात चूक म्हणावी अशी एकही नाही. राइम स्कीम (यमकांची रचना) बरोबर, सिमिली (उपमा) खरंच आहे, व्याकरण पण चालण्यासारखं. फक्त वाचून झाल्यावर पोराने कविता वाचली होती की डायजेस्टची दोन पानं, ते सांगता येत नाही. आणि हे दरवर्षी होतं, युनिट टेस्टला, टर्मिनलला, प्रिलिमला, आपण प्रत्येक वेळी 'डोंट नॅरेट, अ‍ॅनलाइज' असं लाल पेनाने लिहितो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच हातात येतं, कारण अ‍ॅनलाइज म्हणजे नेमकं काय करायचं हे त्या शेऱ्यात कुठेच नसतं.

मी जुनिअर कॉलेजला इंग्लिश शिकवते, वर्गात बहुतेक पोरं मराठी मीडियम नाहीतर सेमीची, भांडुप-कांजूरपासून ते पार टिटवाळ्यापर्यंतची. त्यामुळे खाली जे लिहितेय ते अशा वर्गांना जास्त लागू पडेल, पण इंग्लिश मीडियमची पोरं पण हेच करतात, फक्त जास्त सफाईने करतात.

नक्की कुठे अडलंय ते आधी बघा

दोन टेस्ट आहेत, दोन्हीला मिळून एक पिरियड पुरतो.

पहिली, वह्या अदलाबदल करायच्या आणि शेजारच्याने त्यातली अशी सगळी वाक्यं खोडायची जी कुठल्याही दुसऱ्या कवितेला जशीच्या तशी चिकटवता येतील. 'द पोएट हॅज यूज्ड सिंपल लँग्वेज' गेलं. 'द थीम इज व्हेरी मीनिंगफुल' गेलं. 'इट टचेस अवर हार्ट' तर गेलंच. पोरांना खोडायला भयंकर आवडतं, दुसऱ्याचं असेल तर जास्तच, आणि शेवटी दहा ओळींच्या उत्तरातल्या दीड ओळी उरल्या की जो आरडाओरडा होतो तो बघण्यासारखा असतो. यातून एक गोष्ट त्यांची त्यांनाच कळते जी आपण पंधरा वेळा सांगून कळत नाही, की आपण या कवितेबद्दल काही लिहिलेलंच नाहीये.

दुसरी टेस्ट जास्त महत्त्वाची. तोच प्रश्न मराठीत, तोंडी विचारायचा. 'काय रे, तिसऱ्या कडव्यात तुला काय वेगळं वाटलं?' एवढंच. इथे वर्गाचे सरळ दोन भाग पडतात. काही पोरं मराठीत फटाफट बोलायला लागतात आणि इतकं छान बोलतात की हेच ते 'गिव्ह्ज अस अ मेसेज'वाले का असा प्रश्न पडावा. यांचं अडलंय ते इंग्लिश वाक्यात. बाकीची मराठीत पण गप्प बसतात, किंवा मराठीत पण अर्थच सांगतात, 'मॅम, ते मेलेल्या माणसाचं कापड विणतायत.' यांचं अडलंय वाचण्यातच. या दोघांना एकच औषध दिलं की काही होत नाही. पहिल्यांना वाक्यांचे साचे लागतात, दुसऱ्यांना ओळीजवळ थांबायला शिकवावं लागतं आणि आपण सहसा सगळ्यांना मिळून 'लिंकर्स'ची, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची, यादी देऊन टाकतो.

(वर्गात मराठी बोलायची का यावर स्टाफरूममध्ये वाद होतो, होऊ दे. तोंडी परीक्षेचे २० मार्क इंग्लिशमध्येच द्यायचे असतात हे मला पण माहितेय. पण विचार झालाच नसेल तर इंग्लिशमध्ये तो येणार कुठून.)

वाचण्यात अडलं असेल तर

शब्द बदलून बघा. हे सगळ्यात जास्त चालतं. 'इंडियन वीव्हर्स'चंच घ्या. पहिल्या दोन कडव्यांत विचारणारा विचारतो 'व्हाय डू यू वीव्ह', का विणताय, एवढं रंगीत का, एवढं चमकदार का. तिसऱ्यात तो 'व्हॉट डू यू वीव्ह' विचारतो. का नाही, काय. डायजेस्टमध्ये याच्यावर मला तरी अक्षर सापडलेलं नाही, त्यामुळे कॉपी करायला काही नसतं आणि पोरांना स्वतःचं डोकं चालवावंच लागतं. मी फळ्यावर तिन्ही प्रश्न एकाखाली एक लिहिते आणि तिसऱ्यात 'व्हॉट' पुसून 'व्हाय' करते आणि विचारते, आता काय बिघडलं? पहिलं उत्तर हमखास येतं ते, 'मॅम रात्र आहे ना, अंधारात दिसत नाही काय विणतायत ते.' उत्तम उत्तर आहे हे! मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, अरे चांदणं आहे की, 'मूनलाइट' लिहिलंय. मग दिसतंय तरी का विचारतोय? मग एखादी मुलगी हळूच म्हणते की त्याला दिसलंय, पण खात्री करायची नाहीये. इथे थांबायचं. हे अ‍ॅनलिसिस झालं. त्यांना ते तसं वाटत नाही कारण त्यात एकही इंग्लिश टर्म नाही, म्हणून लगेच सांगायचं की आत्ता तू बोललीस ना, ते वहीत लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल.

तीच गोष्ट रंगांची. निळा, मग जांभळा-हिरवा, मग पांढरा, हे सगळे लिहितात. पण पहिला निळा कुठला, तर 'हॅल्सियन'च्या पंखाचा. अर्थ म्हणून 'अ बर्ड' लिहून पोरं पुढे जातात. हॅल्सियन म्हणजे आपला खंड्या, खाडीकडेला तारेवर बसलेला असतो तो, ऐरोलीची किंवा भांडुप पंपिंगकडची पोरं लगेच ओळखतात. उडताना त्याच्या पंखांवर जो निळा चमकून जातो तो ज्याने बघितलाय त्याला सांगावं लागत नाही की जन्मलेल्या बाळाच्या कपड्याला हाच निळा का, आणि मग शेवटचं पांढरं एकदम किती रिकामं वाटतं ते. (पहिल्या कडव्यातल्या 'गे' शब्दावर वर्ग हसतो. 'आनंदी, रंगीत या अर्थाने' एवढं सांगून पुढे जायचं, त्यावर भाषण देत बसलात तर पिरियड गेला.)

आता उपमा. हा आमच्या पोरांचा हुकमी एक्का आहे आणि तो ती इंग्लिशच्या पेपरात कधी बाहेर काढत नाहीत. दहावीपर्यंत मराठी व्याकरणात अलंकार घोटून झालेले असतात, 'मुंबईची घरे मात्र लहान, कबुतराच्या खुराड्यासारखी' हे उदाहरण झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात, उपमेय घरे, उपमान खुराडे, साधारण धर्म लहानपणा, साम्यवाचक शब्द सारखी. आणि तीच पोरं इंग्लिशमध्ये 'लाइक' नाहीतर 'अ‍ॅज' दिसलं की 'सिमिली' लिहून पेन खाली ठेवतात, म्हणजे चारपैकी फक्त साम्यवाचक शब्द शोधला आणि झालं! त्यामुळे मी आता सिमिली सापडली की तिचे चारही भाग मागते. तीन भाग ओळीतच असतात, चौथा, म्हणजे साधारण धर्म, बऱ्याचदा ओळीत नसतो, तो आपल्याला शोधायला लागतो. मार्क तिथेच आहेत.

दिलीप चित्रेंची 'फादर रिटर्निंग होम' २०२० ला आलेल्या बारावीच्या युवकभारती या इंग्लिशच्या पुस्तकात आहे, आणि मुंबईतल्या पोरांना तिच्यासाठी वेगळं काही सांगावं लागत नाही, संध्याकाळची उशिराची लोकल, पिवळा उजेड, चिखलाने भरलेला रेनकोट. त्यात वडील गाडीतून उतरतात ते 'लाइक अ वर्ड ड्रॉप्ड फ्रॉम अ लाँग सेंटेन्स'. उपमेय वडील, उपमान वाक्यातून गळलेला शब्द, साम्यवाचक 'लाइक'. साधारण धर्म? वर्ग गप्प. मग हळूहळू यायला लागतं. लांब वाक्य म्हणजे गाडी, डब्याला डबा लागलेला, शब्दाला शब्द. शब्द गळला तरी वाक्य पुढे जातंच, गाडी काय त्यांच्यासाठी थांबत नाही. एक पोरगा म्हणाला, 'मॅम, एकटा शब्द काय कामाचा, त्याला अर्थच नाही.' दुसऱ्याने लगेच उलट सांगितलं की नाही, शब्द गळला तर वाक्यालाच काहीतरी कमी पडेल ना. दोघांचं बरोबर आहे, आणि दोघांनी भांडून ते वहीत लिहिलं तर मला अजून काय पाहिजे. मग 'ड्रॉप्ड'च्या जागी 'रिमूव्ड' टाकून बघायचं. काढलेला शब्द कोणीतरी मुद्दाम काढलेला असतो, गळलेल्याकडे कोणाचं लक्षच नसतं.

त्याच कवितेत उपनगरं त्यांच्या डोळ्यांसमोरून 'स्लाइड पास्ट' होतात. सरकतेय गाडी, पण ओळीत सरकतायत उपनगरं. माणूस किती दमलाय ते 'ही इज टायर्ड' न लिहिता कळतं. एवढं एक दाखवलं की पुढची ओळ पोरं स्वतः शोधून आणतात.

इथे एक सावधगिरी. ओळखीची कविता असली की पोरं कवितेतून उतरून स्वतःच्या लोकलमध्ये चढतात. बापाची आठवण, ठाण्याची गर्दी, मेगाब्लॉक, पास, सगळं येतं. विणकरांच्या कवितेला तर लालबाग-परळची पोरं आजोबांचं गिरणीतलं साचाखातं (मागांचा विभाग) आणि गिरणी कामगारांचा ८२ चा संप घेऊन येतात, आणि ऐकायला ते मला मनापासून आवडतं, आपल्या भागातल्या घराघरातली गोष्ट आहे ती. 'रिलेट टू युवर लाइफ' म्हणून हल्ली तर त्याला उत्तेजनच देतात. पण ते अप्रिसिएशन नाही, निबंध झाला. मी फक्त एवढंच विचारते, आजोबा कुठल्या ओळीला आठवले? ओळ सांगता आली की आजोबा राहू देत. नाही सांगता आली तर आजोबा निबंधाच्या वहीत.

लिहिण्यात अडलं असेल तर

पील की काय ते, पॉइंट, एव्हिडन्स, एक्स्प्लनेशन, लिंक, हे अनेक जण शिकवतात, मी पण वापरून बघितलं. माझं मत विचाराल तर आमच्या पोरांच्या हातात त्याचा फॉर्म भरल्यासारखा वापर होतो, चार रकाने आहेत ना मग चार वाक्यं टाका, आणि 'लिंक'च्या नावाखाली पुन्हा 'दस द पोएम इज ब्यूटिफुल' येतंच. त्यापेक्षा एकच साचा द्या आणि महिनाभर तोच घोटून घ्या: 'द पोएट सेज अमुक, नॉट तमुक, सो वी फील...' उदाहरणार्थ 'द पोएट सेज ड्रॉप्ड, नॉट रिमूव्ड, सो वी फील दॅट नोबडी नोटिस्ड हिम गो.' इंग्लिश अगदी साधं आहे, पण हे वाक्य दुसऱ्या कुठल्या कवितेला चिकटत नाही. पहिल्या टेस्टमधून ते सहीसलामत सुटतं.

'शोज' या क्रियापदाचा पण बंदोबस्त करायला लागतो. सगळं काही 'शोज' होत असतं. 'सजेस्ट्स', 'हिंट्स अ‍ॅट', 'मेक्स अस एक्स्पेक्ट' एवढे तीन पर्याय फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा, जास्त देऊ नका, वीस दिले की एकही वापरत नाहीत.

तपासताना व्याकरण आणि विचार एकाच दिवशी तपासू नका. साठ-सत्तर वह्या असतात, प्रत्येक 'द' आणि 'अ' ला गोल करत बसलात तर तुमची संध्याकाळ गेली आणि पोराला कळतं एवढंच की इंग्लिश आपल्याला येत नाही, मग पुढच्या वेळी तो डायजेस्टचीच वाक्यं उतरवतो कारण त्यात लाल होत नाही. कॉपीचं निम्मं मूळ इथे आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मी समासात दोनच शब्द लिहिते. 'ब्यूटिफुल' दिसलं की 'कुठे?' आणि 'सिमिली' दिसलं की 'मग?' बाकी काही नाही. आर्टिकल्स आणि टेन्सचा हिशोब वेगळ्या दिवशी, वेगळ्या उताऱ्यावर.

मार्कांचं काय

हा प्रश्न पालकसभेत येतोच, आणि रास्त आहे. ८० मार्कांचा पेपर, तीन तास, अप्रिसिएशनला ४ मार्क. हिशोब केला तर नऊ मिनिटं होतात, वाचणं धरून. शिवाय प्रश्नातच मुद्दे दिलेले असतात, कवी आणि शीर्षक, थीम, भाषा आणि अलंकार, मेसेज, तुमचं मत. ते सगळे यायलाच पाहिजेत, त्यात शहाणपणा करू नका. पण शीर्षक आणि थीम एकेका वाक्यात उरकता येतं, राइम स्कीम अर्ध्या वाक्यात, आणि वाचलेला सगळा वेळ एका अलंकारावर घालवायचा, साधारण धर्मासकट. तीन फिगर्सची नुसती नावं लिहिण्यापेक्षा एक फिगर नीट उलगडलेली कधीही बरी. 'मेसेज'साठी वेगळं वाक्य शोधत बसायची गरज पडत नाही, उपमा उलगडली की ते आपोआप हातात येतं.

प्रिलिमच्या सुमारास पोरं परत डायजेस्टवर घसरतात, घाबरलेली असतात बिचारी. त्या काळात न वाचलेल्या कविता द्या आणि कवीचं नाव झाका. ही काही माझी आयडिया नाही. केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी १९२० च्या दशकात विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाटल्या आणि काय वाटलं ते लिहून मागितलं. केंब्रिजची पोरं, तरी ठरीव साच्यातल्या प्रतिक्रिया भरपूर आल्या. म्हणजे आपल्याच पोरांना काही झालंय असं नाही. नाव झाकलं की 'शी इज नोन अ‍ॅज द नाइटिंगेल ऑफ इंडिया' ने सुरुवात करता येत नाही आणि गाडी सरळ ओळींवर येते.

मोबाइलमध्ये फोटो काढून एआयकडून उत्तर काढणाऱ्यांचं वेगळं प्रकरण आहे असं वाटतं, पण उपाय तोच. त्या उत्तराला पहिली टेस्ट लावा, वर्गातच, सगळ्यांसमोर. झकास इंग्लिशमधलं उत्तर असतं आणि त्यातली बरीच वाक्यं कुठल्याही कवितेला चालणारी निघतात. ते बघून एक-दोघं तरी म्हणतात की यापेक्षा आमचं बरं होतं. जे म्हणत नाहीत त्यांना तोंडीला त्याच उत्तरातलं एक वाक्य समजावून सांगायला लावायचं.

कादंबरीच्या सेक्शनला पण हाच आजार होतो, तिथे तो कॅरेक्टर स्केचमध्ये दिसतो. 'पासपार्तू इज लॉयल, ब्रेव्ह अँड हेल्पफुल', विशेषणांची माळ. तिथे उपाय सोपा आहे: प्रत्येक विशेषणाला एक प्रसंग, आणि एक प्रसंग असा जिथे ते विशेषण गडबडतं. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'च्या मूळ कादंबरीत हा पासपार्तू, म्हणजे नायकाचा नोकर, आपल्याच मुंबईत मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजारी त्याला बडवतात, बूट तिथेच राहतात, आणि त्यापायी कलकत्त्यात त्याच्याबरोबर त्याच्या मालकाला पण कोर्टात उभं राहावं लागतं, दोघांचा मिळून २,००० पौंडांचा जामीन भरावा लागतो. लॉयल आहेच तो, पण मालकाला गोत्यात आणतो तो पण तोच. 'लॉयल बट' एवढं लिहून पुढचं वाक्य पोरांवर सोडा, 'बट' आला की गोष्ट सांगून पळता येत नाही.